लेस्टरचं रेस्टॉरंट: आचारी, आश्रयाचं अपील आणि दिवाळीचे पाहुणे

प्रश्न असा आहे. लेस्टरमध्ये मराठी जेवणाचं छोटं रेस्टॉरंट आहे. स्वयंपाकघरात सातारा जिल्ह्यातला एक मुलगा काम करतो. तो विद्यार्थी व्हिसावर आला. आंतरजातीय लग्नामुळे जिवाला धोका आहे असं सांगून त्याने ब्रिटनकडे आश्रय मागितला, अर्ज फेटाळला गेला आणि आता ‘माझं अपील चालू आहे’ असं तो म्हणतो. मालकाला कोल्हापूरहून आणखी एक आचारी आणायचा आहे. दिवाळीला पुण्याहून आईवडील येणार आहेत, न्यू जर्सीहून चुलतभाऊ येणार आहे, आणि मालकाच्या पत्नीने नुकताच नवा पासपोर्ट काढला आहे. यात अडचण कुठे येऊ शकते?

सगळीकडेच येऊ शकते. माणूस खरा आहे की खोटा, गरजू आहे की नाही, हे अधिकारी नंतर बघतात. आधी बघितली जाते ती तारीख आणि त्या तारखेला सरकारी नोंदीत काय होतं ते.

सुरुवात त्या मुलापासून, कारण सगळ्यात मोठी रक्कम तिथे अडकलेली आहे. ‘अपील चालू आहे’ या एका वाक्याचे तीन वेगळे अर्थ होतात आणि तिन्हींत मालकाची जबाबदारी वेगळी.

पहिला अर्थ: विद्यार्थी व्हिसाची मुदत शिल्लक असतानाच त्याने आश्रय मागितला. तसं असेल तर १९७१ च्या इमिग्रेशन ॲक्टच्या कलम ३-सी मुळे त्याची जुनी परवानगी निकालापर्यंत आणि पुढे वेळेत केलेल्या अपिलाच्या काळातही आपोआप लांबते. पण लांबते ती जुन्या अटींसकट. विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, तर त्यालाही तेवढेच. ‘केस कोर्टात आहे म्हणजे आता फुलटाइम चालतं’ हा समज सर्रास ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. दुसरी मेख अशी की मुलाने कोर्स सोडला तर युनिव्हर्सिटी ते ब्रिटनच्या गृह खात्याला (होम ऑफिस) कळवते आणि गृह खातं त्याची मुदत मधेच कापू शकतं. ती कापल्यानंतर आश्रय मागितला असेल, तर व्हिसावर छापलेली मूळ तारीख पुढची असली तरी कलम ३-सी लागू होत नाही.

दुसरा अर्थ: परवानगी संपल्यावर आश्रय मागितला. मग अपील असो वा नसो, कामाचा हक्क नाही. अर्जाला १२ महिने उलटले आणि उशीर अर्जदाराच्या चुकीने झाला नसेल, तर कामाची परवानगी मागता येते. पण ती गृह खात्याने ठरवलेल्या मर्यादित कामांपुरतीच मिळते. रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरातलं काम त्यात बसत नाही. आश्रय अर्जदाराच्या कार्डावर ‘काम करण्यास परवानगी’ असं छापलेलं असलं तरी नुसत्या कार्डावर विसंबू नका.

तिसरा अर्थ सगळ्यात फसवा: ज्याला तो अपील म्हणतो ते मुळात अपील नसतंच, ज्युडिशियल रिव्ह्यू असतो, म्हणजे सरकारचा निर्णय कायद्याला धरून झाला का एवढंच कोर्टाने तपासणं. ज्युडिशियल रिव्ह्यूच्या काळात कलम ३-सी परवानगी लांबवत नाही. भारतीय अर्जदारांच्या बाबतीत हे का घडतं ते पुढे येईल.

मालकाने यातलं काहीही स्वतःच्या डोक्याने ठरवू नये. गृह खात्याची ‘एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिस’ आहे. कामगाराची संमती घेऊन ऑनलाइन विचारणा करायची आणि साधारण पाच कामकाजाच्या दिवसांत उत्तर येतं. होकार असेल तर ‘पॉझिटिव्ह व्हेरिफिकेशन नोटिस’ मिळते आणि तिचं संरक्षण सहा महिने टिकतं. ते संपण्याआधी पुन्हा विचारायचं. लक्षात ठेवा, मधेच अपील शेवटचं फेटाळलं गेलं आणि मुलाने ते तुम्हाला सांगितलं, तर हातातल्या नोटिशीचे चार महिने शिल्लक आहेत हे कामाला येणार नाही. माहीत असून किंवा तसं मानायला सबळ कारण असून कामावर ठेवणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दंडाचं गणित. १३ फेब्रुवारी २०२४ पासून बेकायदा कामगारामागे पहिल्या वेळी कमाल ४५,००० पौंड आणि तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर ६०,००० पौंड. आधी हेच आकडे १५,००० आणि २०,००० होते. संशयित कामगाराची माहिती तुम्ही स्वतःहून कळवली असेल तर ५,००० कमी, चौकशीत सहकार्य केलं तर आणखी ५,००० कमी. या दोन्हींच्या जोडीला तपासणीची चांगली पद्धत आधीपासून होती असं दाखवता आलं, तर पहिल्या वेळी नुसत्या ताकिदीवर सुटका होते. पहिल्याच चुकीचा दंड २१ दिवसांत भरला तर ३० टक्के सूट. हरकत घ्यायची मुदत २८ दिवस आणि हरकत फेटाळली तर काउंटी कोर्टात अपिलालाही २८ दिवस. ही पत्रं टेबलाच्या खणात पडून राहतात आणि मुदत निघून जाते; दंड कायम होण्याचं एक मोठं कारण एवढंच असतं. शिवाय रेस्टॉरंटकडे दारूचं लायसन्स असेल तर त्याचाही फेरविचार होऊ शकतो, आणि तो फटका कधी कधी दंडापेक्षा भारी पडतो.

बाकीच्या कामगारांच्या तपासणीत चुका होतात त्या साध्या असतात. प्लास्टिकचं बायोमेट्रिक कार्ड पाहून माणूस ठेवणं ६ एप्रिल २०२२ पासून बंद आहे. आता कामगाराने स्वतःच्या यूकेव्हीआय (ब्रिटनचा व्हिसा विभाग) खात्यातून शेअर कोड, म्हणजे त्याची परवानगी ऑनलाइन दाखवणारा कोड, काढून द्यायचा. कामासाठीचा कोड डब्ल्यू अक्षराने सुरू होतो. आरने सुरू होणारा कोड घरभाड्यासाठी असतो आणि तो इथे चालत नाही. कोड ९० दिवस टिकतो. तो मालकासाठीच्या सरकारी पानावर जन्मतारखेसह टाकायचा, दिसणारा फोटो समोरच्या माणसाशी ताडून बघायचा आणि ते पान तारखेसकट जपून ठेवायचं, नोकरी सुटल्यानंतर आणखी दोन वर्षं. कामगाराने व्हॉट्सॲपवर पाठवलेला स्क्रीनशॉट पुरावा होत नाही, कारण ते त्याचं पान आहे, तुमचं नाही. विद्यार्थी असेल तर सत्राच्या तारखांचा पुरावाही फायलीत हवा. आणि ही तपासणी सगळ्यांची करा, ब्रिटिश पासपोर्टवाल्याचीसुद्धा. फक्त ‘परदेशी दिसणाऱ्यां’ची केली तर २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टखाली वेगळंच प्रकरण उभं राहतं.

२ डिसेंबर २०२५ रोजी ‘बॉर्डर सिक्युरिटी, असायलम अँड इमिग्रेशन ॲक्ट’ला राजमान्यता मिळाली. त्यात ही जबाबदारी नेहमीच्या नोकरदारांपलीकडे, म्हणजे गिग कामगार आणि उपकंत्राटदार यांच्यापर्यंत नेण्याची तरतूद आहे. तिचा अंमल वेगळ्या आदेशाने सुरू व्हायचा आहे. पण डिलिव्हरीला ‘मित्राच्या नावावर’ मुलं फिरवणाऱ्या मालकांनी आत्ताच हिशेब नीट करून ठेवलेला बरा.

आता कोल्हापूरचा आचारी. सरळ उत्तर: तो येऊ शकत नाही. २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी (मालकाने बोलावलेल्या कुशल कामगाराचा व्हिसा) कामाची पातळी पदवीच्या स्तरावर नेली गेली, आणि शेफचं काम त्या खाली येतं. पदवीखालच्या काही कामांना सूट देणाऱ्या तात्पुरत्या टंचाईच्या यादीतही शेफ नाही. पगाराची सर्वसाधारण किमान मर्यादाही त्याच दिवशी ३८,७०० वरून ४१,७०० पौंड झाली, पण पातळीच बसत नसल्यामुळे पगार वाढवून काही साधत नाही. मग कुणीतरी सुचवतं की आचाऱ्याला ‘ऑपरेशन्स मॅनेजर’ म्हणून दाखवू. जागा खरी आहे का हे गृह खातं तपासतं. पंधरा माणसांच्या रेस्टॉरंटमध्ये पदवीधर ऑपरेशन्स मॅनेजर कढईसमोर उभा दिसला की स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी कामगार ठेवायचा मालकाचा परवाना, जातं, आणि आधीपासून कायदेशीर असलेले कामगारही त्याबरोबर अडचणीत येतात.

भारत–ब्रिटन व्यापार कराराचा हवाला देऊन ‘आता शेफ सोपे झाले’ असं सांगणारे एजंट गावोगावी दिसतील. २४ जुलै २०२५ ला सही झालेल्या त्या करारात शेफ, योगशिक्षक आणि शास्त्रीय संगीतकार यांचा उल्लेख आहे, वर्षाला १,८०० जणांच्या मर्यादेत. पण तो तात्पुरत्या कंत्राटी सेवेसाठी आहे. तुमच्या रेस्टॉरंटमधली कायमची नोकरी त्यात बसत नाही.

खरा पर्याय ब्रिटनमध्येच शोधावा लागतो. २२ जुलै २०२५ च्या आधीपासून शेफ म्हणून स्किल्ड वर्कर परवानगीवर असलेल्या, आणि ती परवानगी सलग असलेल्या माणसाला मुदतवाढ घेता येते आणि मालकही बदलता येतो. त्याचं पहिलं स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट (मालकाने त्या कामगारासाठी दिलेलं प्रमाणपत्र) ४ एप्रिल २०२४ च्या आधीचं असेल तर किमान पगाराची रेघ ३१,३०० पौंड आणि त्यानंतरचं असेल तर सर्वसाधारणपणे ४१,७००. दोन्ही बाबतींत त्या कामासाठी ठरलेला दर जास्त असेल तर तो द्यावा लागतो. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे आचारी जुनी जागा सोडून दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे उभा राहतो. अर्ज केला एवढ्याने भागत नाही. नव्या मालकासाठीचा निर्णय हातात येईपर्यंत तुमच्याकडे काम सुरू करायचं नाही. त्याच्या जुन्या मालकाने नोकरी संपल्याचं १० कामकाजाच्या दिवसांत कळवायचं असतं. त्यानंतर गृह खातं पत्र पाठवून मुदत सहसा ६० दिवसांवर आणतं. हे ६० दिवस पत्रापासून मोजतात, नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून नाही.

खर्चाचा अंदाज, २०२५ अखेरच्या दरांनी. छोट्या व्यवसायासाठी स्पॉन्सर लायसन्स ५७४ पौंड, सर्टिफिकेट ५२५, आणि १६ डिसेंबर २०२५ पासून वाढलेला स्किल्स चार्ज (परदेशी कामगारामागे मालकाने भरायची रक्कम) वर्षाला ४८०. तीन वर्षांसाठी म्हणजे २,५३९ पौंड, वकिलाची फी वेगळी. यातला एकही पौंड कामगाराच्या पगारातून किंवा हातउसना म्हणून वसूल करता येत नाही. तसं केल्याचं उघडकीला आलं तर लायसन्स जाऊ शकतं. आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड आहे आणि तो अर्जदाराचा खर्च. द्यायचा असेल तर तुम्ही देऊ शकता.

कोल्हापूरच्या त्या आचाऱ्यालाही हे सांगा. ‘दहा लाखांत सर्टिफिकेट’ विकणारा माणूस त्याला एक तर बनावट कागद देतो किंवा लायसन्स जाण्याच्या बेतात असलेल्या कंपनीचा खरा कागद देतो. लायसन्सधारक कंपन्यांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते. भारताच्या बाजूनेही नोंदणीकृत भरती एजंटने घ्यायची कमाल फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी ठरलेली आहे.

आता आश्रयाचं अपील. हा भाग थोडा सावकाश, कारण मराठी माणसांत याबद्दल चुकीची माहिती फार फिरते.

भारत २००५ पासून ब्रिटनच्या २००२ च्या ‘नॅशनॅलिटी, इमिग्रेशन अँड असायलम ॲक्ट’च्या कलम ९४ मधल्या यादीत आहे. म्हणजे भारतीय नागरिकाचा आश्रयाचा दावा फेटाळला, तर तो ‘उघडउघड निराधार’ असल्याचं प्रमाणित करणं हीच अपेक्षित चाल. तो दावा तसा नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तरच प्रमाणपत्र टळतं. आणि २८ जून २०२२ पासून असं प्रमाणपत्र लागलं की अपिलाचा हक्कच राहत नाही, देशात राहूनही नाही आणि बाहेर जाऊनही नाही. हातात उरतो तो ज्युडिशियल रिव्ह्यू. तो तत्परतेने आणि फार तर तीन महिन्यांच्या आत दाखल करायचा. म्हणून नकाराच्या पत्रात सर्वांत आधी कलम ९४ चा उल्लेख शोधा. तो नसेल आणि अपिलाच्या हक्काची माहिती दिलेली असेल, तरच पुढचं वाचा.

अपील फर्स्ट-टिअर ट्रायब्युनलकडे, म्हणजे पहिल्या पायरीच्या न्यायाधिकरणाकडे. देशात असाल तर मुदत १४ दिवस, आणि ते मोजायचे निर्णय पाठवल्याच्या तारखेपासून, पत्र उघडल्याच्या तारखेपासून नाही. आता निर्णय बहुधा ईमेलने येतात आणि जुन्या वकिलाच्या इनबॉक्समध्ये पडून राहतात. उशीर झालाच तर अपिलासोबतच उशिराचं कारण आणि त्याचा पुरावा जोडायचा. फी तोंडी सुनावणीसाठी १४० पौंड आणि नुसत्या कागदांवर निकाल हवा असेल तर ८०. लीगल एड (सरकारी खर्चाने वकील) किंवा आश्रय अर्जदाराचा सरकारी भत्ता मिळत असेल तर माफ. साठ पौंड वाचवायला कागदी निकाल मागू नका. विश्वासार्हतेवर अडलेल्या केसमध्ये न्यायाधीशाने माणूस पाहिलाच पाहिजे. आणि सुनावणीला गैरहजर राहिलात तर निकाल तुमच्याशिवायही लागू शकतो.

या मुलाची केस नेमकी कुठे अडेल? तीन ठिकाणी. पहिलं, उशीर. विद्यार्थी म्हणून एक-दीड वर्ष राहून व्हिसा संपत आल्यावर दावा केला असेल, तर २००४ च्या आश्रय आणि इमिग्रेशन कायद्याचं कलम ८ न्यायाधीशाला तो उशीर विश्वासार्हतेच्या विरुद्ध धरायला लावतं. त्याला खरं आणि सविस्तर स्पष्टीकरण हवं. ‘माहीत नव्हतं’ हे स्पष्टीकरण नव्हे. दुसरं, पुराव्याची पातळी. २८ जून २०२२ नंतरच्या दाव्यांत २०२२ च्या ‘नॅशनॅलिटी अँड बॉर्डर्स ॲक्ट’च्या कलम ३२ नुसार आधी सिद्ध करायचं की लग्न झालं, त्यामागची जात, धमकी आणि मनातली भीती खरी आहे. हे शक्यतेच्या तराजूवर, म्हणजे खरं असण्याची शक्यता खोटं असण्यापेक्षा जास्त. परतल्यावर छळ होईल का, हा भाग त्यानंतर येतो आणि त्यासाठी पूर्वीचीच हलकी कसोटी. जुन्या केसांचे नमुने उतरवून लिहिलेली निवेदनं इथे फसतात, कारण ती सगळी दुसऱ्या पायरीसाठी लिहिलेली असतात.

तिसरं ठिकाण सगळ्यात कठीण: भारत मोठा आहे. गृह खातं म्हणेल, साताऱ्यात धोका असेल तर चेन्नईला जा, इंदूरला जा. आणि पोलीस आहेत, कोर्ट आहे. २७ मार्च २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी सुरक्षित घरं आणि जिल्हा पातळीवर विशेष कक्ष करायला सांगितले. हा निकालही समोर ठेवला जाऊ शकतो. त्याला उत्तर म्हणून सरपंचाचं पत्र आणि मित्राचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र फारसं वजन धरत नाही. वजन धरतं ते वेगळं: जोडपं पुण्यात लपलं तेव्हा घरच्यांनी त्यांना तिथे शोधून काढल्याचा पुरावा, मग दुसऱ्या शहरातही तसंच घडल्याचा पुरावा, सासरच्या माणसांचं पोलिसांत किंवा राजकारणात काय वजन आहे याची कागदपत्रं, तक्रार दिली असेल तर तिची पोच, आणि घेतली नसेल तर कुठल्या ठाण्यात, कोणत्या दिवशी, काय सांगून परत पाठवलं त्याचा तपशील. मराठी कागदाचं भाषांतर पूर्ण हवं, भाषांतरकाराच्या सही-निवेदनासकट. मोबाइलवरच्या धमक्या असतील तर नंबर आणि तारीख दिसेल असा पूर्ण संवाद, कापलेले तुकडे नकोत.

दुभाष्याचंही सांगून ठेवावं लागतं. अर्जात ‘हिंदी’ लिहून मोकळे होऊ नका. मराठीत बोलायचं असेल तर मराठी मागा. ‘मारलं’ आणि ‘मारून टाकलं’ यांतला फरक भाषांतरात हरवला, तर मुलाखत आणि निवेदन यांत विसंगती दिसते आणि ती मुलाच्या खोटेपणाच्या खात्यात जमा होते. मुलाखतीच्या प्रतीतल्या चुका लगेच, लेखी, कळवायच्या. सुनावणीत पहिल्यांदा सांगितलेली दुरुस्ती कुणी मानत नाही.

हरल्यास वरच्या पायरीवर, म्हणजे अपर ट्रायब्युनलकडे जायला परवानगी लागते आणि ती फक्त कायद्याच्या चुकीसाठी मिळते. आधी फर्स्ट-टिअरकडेच १४ दिवसांत मागायची, नाकारली तर अपर ट्रायब्युनलकडे पुन्हा १४ दिवसांत. यातली एक मुदत चुकली की अपील प्रलंबित राहत नाही. म्हणजेच कलम ३-सी ची साखळी तुटते आणि मालकाच्या स्वयंपाकघरातला त्याचा हक्कही संपतो. वकील नोंदणीकृत आहे का ते बघा. सॉलिसिटर नसलेल्या सल्लागारांची नोंदणी १६ जानेवारी २०२५ पासून ‘इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटी’ या नावाच्या संस्थेकडे असते. मंदिरात भेटलेला ‘सगळं बघून देणारा काका’ त्या यादीत नसेल तर त्याने पैसे घेऊन सल्ला देणं हाच गुन्हा आहे.

आणि साताऱ्याला आई आजारी आहे म्हणून मुलगा ‘आठ दिवसांत येतो’ म्हणाला, तर त्याला थांबवा. देशात राहून केलेलं अपील अपीलकर्त्याने देश सोडताच सोडून दिल्याचं मानलं जातं. शिवाय ज्या देशात जिवाला धोका आहे असं सांगितलं तिथेच जाऊन आल्यावर सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

पाहुण्यांचं तुलनेने सोपं आहे. आईवडिलांकडे भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिजिटर व्हिसा; सहा महिन्यांसाठीची फी ९ एप्रिल २०२५ ला १२७ पौंड झाली होती. पैसे भरण्याच्या दिवशी दर पुन्हा पाहा. ईटीए (व्हिसा न लागणाऱ्या पाहुण्यांनी आधी काढायची ऑनलाइन प्रवास-परवानगी) भारतीय पासपोर्टला मिळतच नाही, त्यामुळे ‘भारतीयांसाठी यूके ईटीए’ विकणारं कुठलंही संकेतस्थळ बनावट समजा. बँकेत अर्जाच्या आठवडाभर आधी अचानक आलेले तीन लाख मदत करण्याऐवजी संशय वाढवतात. कुणी दिले, का दिले याचं पत्र जोडा. खर्च त्यांचा मुलगा, म्हणजे मालक, करणार असेल तर त्याचेच कागद द्या. नकार आला तर अपील नाही, नवा अर्ज करायचा. खोटा कागद सापडला तर मात्र दहा वर्षांची बंदी येऊ शकते.

यात एक खास घरगुती धोका आहे. बाबा निवृत्त, वेळ जात नाही, म्हणून संध्याकाळी गल्ल्यावर बसतात. आई पुरणपोळ्या लाटून देते, आणि त्या विकल्या जातात. व्हिजिटरला बिनपगारी कामही चालत नाही, आणि रेस्टॉरंटच्या गल्ल्यावर बसणं हे कामच आहे. हीथ्रोवर अधिकाऱ्याने मोबाइल बघितला आणि त्यात ‘या वेळी दोन महिने तुम्हीच काउंटर सांभाळा’ असा मेसेज सापडला, तर परतीचं विमान तिथूनच. नातवंडांना खेळवणं याला हरकत नाही.

चुलतभावाकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ते कार्ड) असलं तरी ब्रिटनसाठी त्याचा काही उपयोग नाही. तो अमेरिकन पासपोर्टवर प्रवास करतो. अमेरिकन पासपोर्टला ८ जानेवारी २०२५ पासून ईटीए लागतं. फी एप्रिल २०२५ मध्ये १० वरून १६ पौंड झाली होती, मुदत दोन वर्षं, आणि ते पासपोर्टशी जोडलेलं असतं, म्हणजे नवा पासपोर्ट तर नवं ईटीए. तान्ह्या बाळालाही लागतं. उत्तर बहुधा लगेच येतं, तरी तीन कामकाजाचे दिवस हाताशी ठेवा. २५ फेब्रुवारी २०२६ पासून ते नसेल तर विमान कंपनी बसूच देत नाही.

पत्नीचा नवा पासपोर्ट ही यादीतली सगळ्यात क्षुल्लक वाटणारी बाब आहे, आणि ऐन विमानतळावर तीच नडते. तिच्याकडे ब्रिटनचं कायम वास्तव्य असेल, तर आता ते ई-व्हिसाच्या, म्हणजे ऑनलाइन नोंदीच्या रूपात यूकेव्हीआय खात्यात आहे आणि त्या खात्याशी जुना पासपोर्ट जोडलेला आहे. मुंबईत चेक-इनला विमान कंपनी नवा पासपोर्ट स्कॅन करते आणि पडद्यावर काहीच येत नाही. नवा पासपोर्ट मिळाला की लगेच खात्यात जोडायचा, प्रवासाच्या आदल्या रात्री नाही, कारण दुरुस्तीला दिवस लागतात. आपल्याकडे यात नावाचाही घोळ होतो. लग्नानंतर मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं, आणि भारतीय पासपोर्टमध्ये स्वतःचं आणि मधलं नाव एकाच रकान्यात छापलं जातं. ई-व्हिसावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन्अक्षर जुळत नसेल तर ते बदलाचा पुरावा देऊन आधी दुरुस्त करून घ्या. निघण्यापूर्वी एक नवा शेअर कोड काढून त्याची छापील प्रत बॅगेत ठेवा. चेक-इनवरच्या माणसाला तिथल्या तिथे पडताळायला तो उपयोगी पडतो. आणि पुण्यात सासूबाईंच्या आजारपणासाठी ती लांबचा मुक्काम करणार असेल, तर सलग दोन वर्षांहून जास्त काळ ब्रिटनबाहेर राहिल्यास कायम वास्तव्य संपतं, एवढं कॅलेंडरवर लिहून ठेवा.